कुकरची पाळी आणि हैदराबादचा मेळावा

वसमतच्या फलाटावर उभी होते तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेला, कमरेइतका उंच मुकुट. ठिबकच्या जुन्या नळ्या, फोमची चटई आणि निळा रंग, एवढ्यातून तो उभा राहिला होता. गाडी समोर येऊन थांबली तरी मला खरं वाटेना. आत चढले, खिडकीजवळ जागा मिळाली, गाडी हलली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. या प्रवासाचा सगळ्यात लांबचा टप्पा होता तो कुरुंद्यातल्या आमच्या घरापासून या फलाटापर्यंतचा. पुढं हैदराबाद काय, जवळच.

कुठं निघाले होते ते सांगते. 'पाणपहारा' नावाची एक हिंदी चित्रकथा आहे, बऱ्याच भागांची. पाच पहारेकरी पाच नद्या राखतात. त्यांतली निळाई धरणाच्या दारापाशी राहते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर वाढलेल्या मुलीला ती जवळची वाटली, यात नवल नाही. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मीच, आणि हे मी मिरवून सांगते. आता वसमतला शाळेत विज्ञान शिकवते. पण पदवी घेतली म्हणून चित्रकथा सोडावी असं कुठं लिहिलेलं नाही. अशा कथांच्या चाहत्यांचा मोठा मेळावा हैदराबादला भरतो. आम्ही पाच जण फोनवरच्या गटात भेटलो, पाच पहारेकरी वाटून घेतले आणि तिथल्या मंचावर एक प्रसंग करायचं ठरवलं. निळाई माझ्याकडं आली. एक जण गळाला तर मंचावर चढता येणार नाही, हा तिथला नियम. म्हणजे मी नाही गेले तर बाकी चौघंही बसले घरी.

ठरवलं तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. तिकीट काढलं, आणि मेळाव्याची तारीख पुढं गेली. तिकीट रद्द केलं, नवं काढलं, ते प्रतीक्षा यादीत अडकलं. रजा मागायला गेले तर मुख्याध्यापकांनी विचारलं, "घरात लग्न आहे का?"

"नाही सर."

"मग आजारी कोण आहे?"

"कोणी नाही सर. मेळावा आहे."

"बचत गटाचा का?"

मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. रजा मिळाली.

मग उतरायचं कुठं, हा प्रश्न. आमच्या गटातली फरहीन हैदराबादची. ती म्हणाली, आमच्याच घरी ये. माय म्हणाली, "कोण फरहीन? कदी बघितली तू तिला?" शेवटी फरहीनच्या अम्मीनं मायला फोन लावला.

"माझं लेकरू जरा भोळं हाय," मायनं सांगितलं.

"मेरी बच्ची जैसीच है, तुम फिकर नक्को करो."

पुढं दोघी आंब्याच्या लोणच्यावर घसरल्या. मी मध्ये उभी राहून कंटाळले आणि आत निघून गेले. फोन ठेवून माय म्हणाली, "बाई बराबर हाय." हेही मिटलं.

पण खरी अडचण होती ती हळदीची. आमच्याकडं काढलेली हळद शिजवायला कुकर (वाफेवर हळद शिजवणारं मोठं यंत्र) गावात पाळीनं फिरतो. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. मेळाव्याची तारीख पुढं गेली ती नेमकी आमच्या पाळीच्या रविवारावर येऊन बसली. त्या दिवशी घरातलं माणूस कमी पडून चालत नाही, आणि पाळी हुकली तर सगळ्या गावाच्या मागं जावं लागतं. तोवर ढिगाला कोंब फुटतात. बाबा मला जाऊ नको म्हणाले नाहीत. जेवताना नुसतं म्हणाले, "रविवारी कुकर हाय." ते मला जास्त लागलं.

शुक्रवारची पाळी होती तांड्यावरच्या शामराव काकांची. अदलाबदल झाली तर सगळंच जमत होतं, पण त्यांनी शुक्रवारसाठी बाया ठरवून ठेवल्या होत्या. मीच गेले विचारायला. काका बैलाला पाणी दाखवत होते.

"कुठं चालली म्हणं तू?"

"हैदराबादला, काका. मेळावा हाय. कथेतल्या माणसांवाणी नटून लोक येतेत."

"म्हंजी सोंगं." (गावात जत्रेला देवादिकांचे वेष घेऊन नाचतात, ती.)

"व्हय, सोंगंच."

"आन् तू कशाचं सोंग घेऊन राहिलीस?"

"धरणाच्या दाराची राखणदारीण."

काकांनी बादली खाली ठेवली. "मंग तिला म्हणावं पाणी सोड जरा. आमच्या कालव्याच्या टोकाला थेंब येऊन न्हाई राहिला." मग म्हणाले, "घ्या तुमी शुक्रवार. बाया तुमच्याकडं लावतो. रविवारी तुझे मायबाप आन् तुमच्या बाया माझ्याकडं."

मी काकांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "हे सोंग समजू का खरं?"

तर शुक्रवारी दिवसभर मी वाफाळत्या हळदीत होते आणि शनिवारी गाडीत. शेजारच्या मावशींची नजर मुकुटावरून हलत नव्हती.

"काय गं, गणपतीचा का?"

"न्हाई मावशी, माझा."

"असं व्हय," म्हणाल्या आणि मला शेंगदाण्याचा लाडू दिला. मी त्यांना भाकरी आणि तिळाची चटणी दिली. धर्माबादच्या पुढं गोदावरीचा पूल लागला, तेव्हा मावशींनी नदीत नाणं टाकलं. तिथून पाट्या बदलल्या, आपली काळी माती मागं राहिली आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला हिरवीगार भातखाचरं सुरू झाली. हैदराबाद जवळ आलं तसे एकावर एक रचल्यासारखे गोल खडक दिसू लागले. कुणी रचले असतील, असं बघतच राहावं.

फरहीन स्टेशनवर आली होती. फोनवर बडबड करणारी ही मुलगी समोर आल्यावर लाजली, मीही लाजले. घरी अम्मीनं खट्टी दाल (चिंचेचं आंबट वरण) आणि भात वाढला. दोनदा वाढून घेतला.

रविवारी मेळाव्याच्या मंडपात निळाईचा निळा रंग हातांना लावला आणि बघते तर काय, हात हिरवे दिसत होते. शुक्रवारची हळद तळहातांत, नखांत, रेषांत मुरली होती, आणि पिवळ्यावर निळा चढला की काय होतं हे मी सहावीच्या मुलांना शिकवते. पुसलं, लिंबू चोळलं, पुन्हा लावलं. पुन्हा हिरवेच.

"अगे, तेरे हाथां हरे कायकू हैं?" फरहीननं विचारलं. (हात हिरवे का गं तुझे?)

"हळद."

"निळाई हिरवी कशी चालेल?" आमच्यातला पुण्याचा ओंकार म्हणाला. "लोक हसतील." त्याचं चुकत नव्हतं. समोर बसलेले सगळे कथा कोळून प्यायलेले. आमच्या आधीचा गट मंचावर चढलासुद्धा होता.

तेव्हा मला चौथा भाग आठवला. त्यात निळाई सबंध पावसाळा पाण्याखाली धरणाचं दार धरून बसते आणि वर येते तेव्हा तिच्या हातांवर शेवाळ चढलेलं असतं. मी म्हटलं, "पहिल्या भागातला प्रसंग सोडा. चौथ्यातला दार उचलायचा करू."

"तालीम पहिल्याची झालीय," ओंकार म्हणाला.

"आणि चौथा कुणाला पाठ नाही, ते सांग."

पाठ सगळ्यांनाच होता.

मंचावर मी हात वर केले आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "शेवाळ!" पुढची वाक्यं आमच्या आधी समोरचेच म्हणू लागले. ओंकार एकदा चुकला, त्यालाही त्यांनीच सांभाळलं. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालं. खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. खाली उतरले तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मुकुटाचंही, आणि इतक्या महिन्यांचंही.

परतीच्या गाडीत मी शांत झोपले. वाटायचं, चाहते म्हणजे मोठ्या शहरातली, मोकळ्या वेळाची माणसं. आमच्याकडच्या माणसाला मोकळा वेळ कुणी आयता देत नाही, तो पाळी बदलून मिळवावा लागतो. पण मागितला तर मिळतो, एवढं मला या प्रवासात कळलं.

सोमवारी दुपारी घरी पोचले. माय अंगणात वाळत घातलेली हळद पायानं परतत होती. काकांचं काम काल नीट उरकलं, असं तिनं सांगितलं. मीही चपला काढून तिच्या बाजूला कामाला लागले. एक कड परतून झाली तशी ती थांबली.

मग म्हणाली, "पुढल्या साली कदी असतो गं त्यो तुमचा मेळावा?"

"तारीख अजून न्हाई निघाली."

"निघाली की पहिलं मला सांग. कुकरवाल्याला आदीच बोलून ठेवू."