बेसबॉलकाकांच्या गोष्टीत कुणी मरत नसे

बेसबॉलकाकांना जपानी येत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली आमची मुलं रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये जमायची आणि काका टीव्हीशेजारी उभे राहून अख्खी जपानी मालिका मराठीत सांगायचे. मोटारींच्या कंपनीनं त्यांना काही काळ जपानला धाडलं होतं. तिथून येताना कपडे कमी आणि व्हिडिओ कॅसेटी जास्त आणल्या, असं त्यांची बायको, आमची नलूताई, सांगायची.

मालिका कुठल्याशा कॉमिकवरून केलेली. नाव बेसबॉलचं, पण खेळ कसला हो तो. चेंडू ढगात जाऊन पेट घेऊन खाली यायचा, झेलणारा गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतायचा, उडी मारणाऱ्याच्या पाठीला बांधलेली तार आपल्याला स्वच्छ दिसायची. आणि दर मॅचला एखादा खेळाडू मैदानावरच प्राण सोडायचा. बाकीचे टोप्या काढून रडायचे. काका मात्र सांगायचे, "दमलाय बिचारा. आता गावी जाईल, आईच्या हातचं जेवेल."

माझी मुलगी फटकळ. "काका, ही इज डेड."

"नाही गं, अंगात कसकस आहे."

"देन व्हाय आर दे क्राइंग?"

"पोरं हळवी आहेत."

नलूताई चिवड्याचं पातेलं घेऊन जिना उतरता उतरता म्हणायची, "अगं, यांना कुणी मेलेलं चालतच नाही. आमच्या गाडीखाली खार आली होती ना, ती यांच्या मते अजून झोपलेली आहे."

त्या हिवाळ्यात नलूताई गेली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झालेला. काका रडले नाहीत. वाढलं की जेवत, उठा म्हटलं की उठत. मी आमटीत मीठ घालायला विसरले होते एकदा, तीही पानात टाकली नाही. मुलांचं बेसमेंटमध्ये जाणं आपोआप थांबलं.

अकोल्याला नलूताईची म्हातारी आई होती, काळीज नाजूक. लांबच्या म्हाताऱ्या माणसाला आपण एकदम सांगत नाही. आधी 'तब्येत जरा नरम आहे' म्हणायचं, मग हळूहळू. तिच्याजवळ राहणाऱ्या नलूताईच्या थोरल्या भावाचंही तेच मत पडलं, आणि सांगायचं काम जावयाकडे आलं. पण काकांचं हळूहळू काही संपेना. रविवारी फोन लागला की, "नलू ग्रोसरीला गेलीय." पुढच्या रविवारी, "नलूचा आत्ताच डोळा लागलाय."

मी म्हटलं, "भाऊजी, सांगायला हवं आता. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्या माउलीला काय वाटेल?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, निदान अकोल्यात तरी ती असू दे."

मी भांडी घासत राहिले.

पुढे बर्फ वितळल्यावर एका रविवारी मी डबा घेऊन गेले, तर फोन चालू. म्हातारी अकोल्याहून अमेरिकेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून ओरडून बोलायची, सगळ्या किचनला ऐकू यायचं.

"नलू कुठंय?"

"हळदीकुंकवाला गेलीय."

म्हातारी म्हणाली, आणि या वेळी ओरडली नाही, "जावईबापू, मला ठाऊक आहे. थोरल्याच्या तोंडावरून पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग तुम्ही दर वेळी विचारत का होतात?"

"तुम्ही सांगत होतात ना. कधी बाजारात गेली, कधी झोपली. ऐकायला बरं वाटायचं."

फोन दोघांपैकी कुणीही ठेवला नाही. मी तवा चढवला आणि पोळ्या गरम करायला घेतल्या.