पत्र्याच्या डब्यातली लाल नखं

शहागडच्या त्या पत्र्याच्या डब्याची आठवण निघाली की आजही नाकात औषधाचा वास येतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या चौकीचा फौजदार होतो. हिवाळ्यातली सकाळ होती. गोदावरीवरून धुकं वर आलेलं, हायवेवरचे ट्रक नुसते दिव्यांवरून कळत होते. आपण जागे आहोत की झोपेत, असं वाटावं अशी ती सकाळ.

स्टँडवरचा चहावाला धापा टाकत आला. "साब, जल्दी चलो! एका माणसाच्या डब्यात पाय है. इन्सान का पाय!"

डबा गळत होता म्हणून एसटीच्या कंडक्टरनं तो उघडायला लावला होता. लोकांनी त्या माणसाला खुनी ठरवून चार ठेवूनही दिल्या होत्या. चौकीत आणून पाहिलं. औषधात बुडवलेला, मांडीपासून कापलेला कोवळा पाय. नखांना लाल रंग. जमादारानं पंचनामा सुरू केला, "अनोळखी मयत स्त्रीचा..."

"कुणाचा पाय?" मी दरडावलं.

"माझ्या लेकीचा, सायेब. जिती हाये ती. गुडघ्यात गाठ झाल्ती. ऐन उमेदीच्या पोरापोरींना क्वचित व्हनारा क्यान्सर हाय म्हने. डाक्टर म्हनले, याचा अभ्यास व्हाया पायजे, पन त्याला पैका देतंय कोन? तर पोरगी पडल्या पडल्या म्हनली, पैका न्हाई तर माझा पाय द्या. म्हैन्यामागं तालुक्याला पाय कापला, ती घरी आली; आता पाय औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन राह्यलो."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"हरवू नाही म्हून डब्यातच ठिवल्ती."

चिठ्ठी निघाली, पण शाई पार धुऊन गेलेली. थापा मारतो लेकाचा, असंच मला वाटलं. पण लबाड माणूस स्वतःच्या सुटकेची गयावया करतो. हा म्हणत होता, "मला कोंडा, सायेब, पन डबा जाऊ द्या. औषध संपलं तर पाय नासंल. मंग तिनं दिऊन काय उपेग?"

त्याचं गाव जवळच होतं. मी शिपाई पाठवला.

धुकं विरता विरता बैलगाडी आली. कुबडीवर एक अठराएक वर्षांची पोरगी उतरली. उरलेल्या पायाची नखं तशीच लाल. जमादाराच्या कागदाकडं बघत म्हणाली, "हे मयत कोन हो, मामा?"

"ज्याचा पाय, ते," जमादार पुटपुटला.

"अगं बाई! मंग मयत म्हंजे मीच की!" आणि ती खळखळून हसली.

"नखं का गं रंगवलीस?" मी विचारलं.

"मोठे डाक्टर बघनार. कसा बी पाठवावा का?"

जमादारानं तोंड फिरवून डोळे पुसले. 'मयत' हा शब्द मी माझ्या हातानं खोडला. डब्याची गळकी जागा डाग देऊन झाळून घेतली, दवाखान्यातून औषध आणून त्यात भरलं. चहावाला ओशाळून रुमाल पसरत ट्रकवाल्यांमध्ये फिरला. जमलेले पैसे तिच्यापुढं धरले तर म्हणाली, "मला नको, चाचा. डाक्टरला द्या, अभ्यासाला." रुमाल डब्यासोबत गेला, पैसे मोजलेही नाहीत कुणी.

पुढच्या वर्षी बाप चौकीत आला. "जयभीम, सायेब," एवढंच म्हणून उभा राहिला. पोरगी गेली, हे मी समजलो. जाताना म्हणाला, "पाय कामी आला का, इचारत व्हती शेवटाला." मला फार वाईट वाटलं.

उत्तर मिळायला पुढं बराच काळ गेला. कामानिमित्त त्या मोठ्या दवाखान्यात गेलो, मुद्दाम चौकशी केली. डॉक्टरांनी कपाटातली काचेची बरणी दाखवली. म्हणाले, "या अभ्यासाला आलेली पहिली वर्गणी म्हणजे तुमचा तो रुमाल. आता गुडघा सुजलेलं पोर आलं की मुका मार म्हणून आम्ही परत पाठवत नाही. शिकाऊ डॉक्टरांना आधी हा पाय दाखवतो."

एवढ्या नोकरीत पुरावा वाचायला खूप जणांनी शिकवलं. माणसाला मयत लिहायची घाई करू नये, हे त्या पोरीनं शिकवलं.

बरणीपाशी एक विद्यार्थी उभा होता. त्यानं सहज विचारलं, "सर, बॉडी कुणाची होती?"

नखं अजून लाल होती. मी म्हणालो, "बॉडी नाही, बाळा. पाय दिला तेव्हा ती जिती होती. हसत होती."