काप्तानने टाकलेलं पाणी

नंदाखाल गावच्या बॅप्टिस्टच्या वाडीत राजेळी केळीला रहाटाचं पाणी होतं, आणि रहाटाला काप्तान होता. काप्तान म्हणजे रेडा. डोळ्यांना झापडं बांधली की तो विहिरीभोवती फिरू लागे, गाडगी भरून वर येत आणि पाटातून पाणी केळींच्या बुंध्याशी जाई. त्याच्या शेणाचं खत केळीला, केळीचे खुंट चिरून त्याला. बॅप्टिस्टची बायको हिल्डा त्या राजेळीची सुकेळी करायची. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, मऊ आणि मधाच्या रंगाची झाली की वाळक्या पानांत बांधायची. सगळं घर त्या वाडीवर उभं होतं.

एकोणऐंशी साली शेजारच्या सॅन्टनने विहिरीवर इंजिन बसवलं. शेजाऱ्याचं इंजिन धडधडायला लागलं की आपला रहाट जरा जास्तच कुरकुरतो. बॅप्टिस्टनेही इंजिन आणलं. दिवसभराचं शिंपणं न्याहारीच्या आधी उरकू लागलं आणि काप्तान गोठ्यात बसला.

दुसऱ्या उन्हाळ्यात काप्तानने पाणी टाकलं. हिल्डा विहिरीचं पाणी डोणीत ओतायची. तो तोंड लावी, नाकपुड्या फुगवी आणि मान फिरवी. जिवापुरते चार घोट घेई, तेवढेच.

"रुसलाय तो," बॅप्टिस्ट म्हणाला. "काम काढून घेतलं ना त्याचं. उद्या मला खाटेवर बसवलंस तर मी तरी जेवेन का?"

हिल्डाला हसू आलं नाही. तिने पाण्यात गूळ कालवून पाहिला. संत अंतोनीला मेणबत्ती लावली. एका रेड्याने वेद म्हटले तर सगळा महाराष्ट्र अजून सांगतो. या रेड्याने नुसती मान फिरवली, ती कोण वाचणार?

काप्तानची हाडं दिसू लागली. कसायाला द्यायचा नाही एवढं दोघांचं ठरलेलं होतं. जूचंद्रच्या श्रीपतला भातशेतीसाठी रेडा हवा होता, त्याला दिला. पुढच्या आठवड्यात श्रीपत बाजारात भेटला.

"काय पन आजार नाय त्याला," तो म्हणाला. "आल्या आल्या दोन बादल्या पानी प्याला."

हिल्डाच्या काळजाला ते लागलं. "म्हणजे आपल्याच घरचं पाणी त्याला नकोसं झालं," ती घरी येऊन रडली. खरं तेच तिच्या तोंडून निघालं होतं, पण तिलाच ते ऐकू आलं नाही.

मग केळींच्या पानांच्या कडा करपल्या. बॅप्टिस्टने इंजिन जास्त वेळ चालवलं, तसे घड आणखी बारीक झाले. एका दुपारी सुकेळी पलटता पलटता हिल्डाच्या घशाला कोरड पडली, म्हणून तिने पाटातलं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि थुंकलं. खारट!

घरात प्यायला चर्चजवळच्या विहिरीचं पाणी यायचं. वाडीच्या विहिरीचं पाणी पिणारा इतकी वर्षं एकटा काप्तान होता. रहाट झऱ्याच्या बेताने पाणी काढायचा. इंजिन तळ खरवडायचं, आणि रिकाम्या तळात जवळच्या खाडीचं खारं पाणी शिरायचं. आडातच गोडं नाही तर पाटात कुठून येणार?

हिल्डाने तेच पाणी तांब्यात भरून नवऱ्यापुढे धरलं. एक घोट घेऊन त्याने तांब्या खाली ठेवला.

"रुसला नव्हता गं तो," बॅप्टिस्ट म्हणाला. "सांगत होता."

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन बंद केलं, रहाटाला तेल घातलं, आणि नवा दोर व सुकेळ्यांची एक बांधणी घेऊन तो जूचंद्रला गेला. श्रीपत भला माणूस. "तुमचाच हाय, घेऊन जा," म्हणाला. काप्तान टाकीत तोंड बुडवून पाणी पीत होता. अंगावर मांस चढलं होतं. ओळखीच्या वासाने त्याने मान वर केली, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि तो बॅप्टिस्टकडे चालत आला.

बॅप्टिस्टने त्याच्या कपाळावर हात ठेवला. दोर त्याच्या गळ्यात घातला, आणि पुन्हा काढला.

संध्याकाळी तो रिकामा दोर घेऊन परतला तेव्हा हिल्डा डोण घासून वाट बघत होती.

"दिला नाही का श्रीपतने?"

"दिला होता," बॅप्टिस्ट म्हणाला. "पण इथे आणून त्याला पाजू काय?"