त्याच्या जागी मी

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू. बोलताना अर्धं वाक्य खातो, उरलेलं हसून पुरं करतो, आणि लोकांना तेवढंही पुरतं.

यंदा परीक्षेत त्याच्या नावावर दुसऱ्यानेच पेपर लिहिला, आणि ते पकडलं गेलं. कॉलेजने त्याला नापास केलं, वर्षभर खेळायला बंदी घातली. माझे सगळे पेपर मी लिहिले आणि राखीव म्हणून बाकावर बसून राहिलो. आता त्याची जागा मला मिळाली.

सामन्याला तो आलाच. दोरीबाहेरून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "डावा कोपरा कच्चा आहे रे, तिकडेच घुस!" मला काय डोळे नव्हते?

चढाईला निघताना मी मातीला हात लावून कपाळाला लावला. दोरीबाहेर त्यानेही वाकून तेच केलं. माझ्यासाठी म्हणे.

डाव्या कोपऱ्यातले दोन गडी मारून मी परतलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

माझी आईसुद्धा.