उजवा कौल

लग्नाचं काम घेऊन जोडपं आलं की मी आधी चहा सांगते आणि मुलाला खाली पिटाळते. "गाडी नीट लागलीय का बघून ये जरा, इथे फार कटकट करतात," म्हणते. गाडी नीटच लागलेली असते. मला मुलीशी एकटीशी बोलायचं असतं. मग तिला खाली पाठवते आणि त्याला वर घेते. दोघांना एकच विचारते, पंगतीत गोड काय हवं? एक जिलेबी म्हणालं आणि दुसरं श्रीखंड, की माझा जीव भांड्यात पडतो. भांडतील, म्हणजे माणसं दोन आहेत. दोघांच्या तोंडून एकाचंच उत्तर आलं, तर मी मांडववाल्याला लगेच फोन करत नाही.

लोक मला विचारतात, लग्नाआधी काय काय बघावं? हॉल बघा, पाणी बघा, जनरेटर बघा, आचारी दारू पितो का बघा. हे सगळं सांगतेच मी, त्याचेच पैसे घेते. पण खरं विचाराल तर एकमेकांसमोर "नको" म्हणता येतं का, तेवढं बघा. ही अक्कल मला एका लग्नाने दिली. ते लग्न मी लावलं नाही, तरी माझ्या सगळ्या लग्नांत तेच जास्त आठवतं.

त्या वर्षीची तुळशीची लग्नं उरकली होती. मांडवीला माझं ऑफिस आहे, वरच्या मजल्यावर, खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं. तिथे ती दोघं आली. तो मुंबईत चांगल्या नोकरीला, घर इथलंच, रत्नागिरीतलं. दिसायला देखणा, बोलायला असा गोड की असा जावई लोक नवस बोलून मागतील. ती नाटे गावाच्या बाजूची, वडिलांची स्वतःची मासेमारीची बोट. इथे शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. ओळखीतून स्थळ आलं, साखरपुडा झालेला.

मी विचारलं, काय घेणार? ती म्हणाली, "चहा."

"चहा नको तिला," तो म्हणाला. "सरबत द्या मॅडम. ॲसिडिटी होते."

"हो, सरबतच द्या," ती म्हणाली.

तोवर चहा तिच्यासमोर आलेला होता. तिने तो हळूच त्याच्याकडे सरकवला आणि त्याने प्यायला. इतकंच झालं.

पुढे साड्या बघायला ती आईबरोबर आली. साडीवाला घड्या मोडत होता तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिने "हॅलो" नाही म्हटलं. फोन हातात धरून उठली आणि खोलीभर फिरली. मला दाखवलं, आईला दाखवलं, साडीवाल्याला दाखवलं. मग दार ओढून दारामागची मोकळी जागा दाखवली आणि येऊन बसली. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे, चालू दे तुमचं."

साडीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी आईकडे बघितलं. आई पदराचा जर चाचपत होती, तिने मान वर केली नाही.

मग भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात फोटो काढायचे ठरले. हल्ली त्याशिवाय लग्न होत नाही. हवा कशी कोंदलेली होती, पान हलत नव्हतं. लाट पायाशी आली म्हणून ती मागे सरली, तर त्याने मनगट धरून तिला जागेवर आणलं. फोटोत हसू छान आलंय दोघांचं. नंतर मेकअपवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हाताला जास्त फाउंडेशन लागणार." मी जाऊन बघितलं. मनगटावर बोटांचे निळसर वळ.

"हे काय गो?"

"बांगड्या भरताना लागलं."

चुडा तर अजून भरायचाच होता! हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर कांकणच नव्हतं. मी त्याच्याकडे वळून बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही खूप लक्ष घालता हं. आवडलं आपल्याला." मी आयुष्यात दारुड्या व्याह्यांना ताळ्यावर आणलंय, भर मांडवात आचाऱ्याचा झारा हिसकावून घेतलाय. पण त्या हसण्यापुढे मी नुसती फोटोवाल्याला आवरायला सांगून मोकळी झाले.

मी गप्प बसणारी नव्हे. त्या संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "लग्न झाल्यावर निवळतात हो ताई. आमचे हे काय कमी तापट होते?" वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "पाच माणसांत शब्द दिलाय बाई. मुलगा तिला फुलासारखी जपतो. तुम्ही मांडवाचं बघा." पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी ब्लाउजच्या मापाला ती आली तेव्हा मी शिवणवालीला म्हटलं, तू जरा बाहेर थांब. फोन पर्समध्ये बाहेरच राहिला होता. आतल्या खोलीत पडद्यामागे आम्ही दोघीच.

"मोडायचंय तुला?"

तिने मान हलवली. होय.

"मग सांग ना बापाला. मेल्याने वळ उठवलेला हात दाखव आणि दुसऱ्या हाताने पत्रिका फाड!"

"सांगितलं होतं. बाबा म्हणाले, पोरखेळ आहे का? आणि ताई…" ती आवाज आणखी खाली नेऊन बोलायला लागली. "तो म्हणतो, लाकडाची बोट आहे गो तुझ्या बाबांची, एक काडी पुरते. हसत म्हणतो. मी रडले की म्हणतो, थट्टा कळत नाही का तुला?"

ती बोट म्हणजे त्या घराचं सगळं. वडिलांचं तारुण्य तिच्यात गेलं होतं, धाकट्या भावाचं कॉलेज तिच्यावर चाललं होतं.

"पोलिसात जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"नको. मी एक ठरवलंय. आमच्याकडे पहिली पत्रिका ग्रामदेवाला ठेवतात, तेव्हा कौल घेतात. बाबा माझं ऐकणार नाहीत, पण कौलाच्या बाहेर जात नाहीत. डावा आला म्हणून एकदा ठरलेली नवी बोट सोडली त्यांनी, विसार दिलेला असून. देव डावा देईल. त्याला सगळं माहीत आहे."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या मूर्तीला दोन खांद्यांवर ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माझा यावर विश्वास आहे की नाही, मला विचारू नका. त्या दिवशी मी सुद्धा मनात म्हटलं, बाबा रे, एवढी डावी पाड.

पत्रिका ठेवायचा दिवस आला तेव्हा बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. समुद्रात कुठेतरी वादळ, म्हणून मिरकरवाड्यापासून खालपर्यंत सगळ्या बोटी किनाऱ्याला. तिच्या वडिलांचीही बोट खाडीत बांधलेली, म्हणूनच ते घरी होते. मला तिच्या गावी जायचं काही कारण नव्हतं. मांडवाची जागा बघायला येते, असं खोटंच सांगून गेले. आभाळ खाली उतरल्यासारखं, वारा ठार बंद. देवळाच्या आवारात पाऊल टाकलं तर समोर त्याची गाडी.

"कौलाला मुलाकडचे येत नाहीत सहसा," तिची आई मला कुजबुजली. "पण म्हणाला, मला बघायचंय."

देवळात तेलाचा आणि भिजल्या फुलांचा वास. गुरवाने आधी पंखा बंद करायला लावला. म्हातारा होता, पण आवाज खणखणीत. कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज तुझं लेकरू लग्नाचं काम घेऊन तुझ्या पायाशी आलंय."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"काय चुकलंमाकलं असेल, वाकडंतिकडं असेल, ते पोटात घाल, नि खरं काय ते उजेडात आण."

"होय महाराजा!"

नवरामुलगा सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता. एका हातात फोन, शूटिंग चालू. ती माझ्या शेजारी बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि नजर डाव्या खांद्यावर. मी पण तिथेच बघत होते.

किती वेळ गेला देव जाणे. कोणी खोकेना. घाम मानेवरून खाली उतरत होता. डावी कळी जरा कलली. तिने माझा हात धरला, इतका घट्ट की माझी अंगठी रुतली. कळीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबला, मोठा झाला, पडला. कळी तिथेच.

आणि उजवी खाली आली.

"दिला! उजवा दिला!" कोणीतरी ओरडलं. आईने डोळ्यांना पदर लावला. वडील गुडघ्यावर बसून डोकं टेकत होते. उठले तेव्हा डोळे भरलेले. "बघ बाय, देव पण राजी झाला!" ते तिला म्हणाले. तो हसला. खाली वाकून पडलेली कळी उचलली आणि शर्टाच्या खिशात घातलीन. माझ्या हातातला तिचा हात सुटला. मला खरंच त्या देवाचा राग आला. खोटं कशाला बोलू?

गुरवाने पत्रिका घेतली, मूर्तीच्या पायाशी ठेवली आणि शेवटचं गाऱ्हाणं घालायला लागला. "बा महाराजा, तू होकार दिलास, तर आता ह्या कार्याला विघ्न येऊ देऊ नको, लेकराचा संसार सुखाचा होऊ दे…"

"होय" म्हणायला सगळ्यांनी श्वास घेतला.

"नाय महाराजा," ती म्हणाली.

एरवी शहरातली भाषा बोलणारी पोर, गावच्या बोलीत बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्या देवळात असं उत्तर गुरवाने जन्मात ऐकलं नसणार.

"काय म्हणालीस?" नवरामुलगा पुढे आला. आवाज अजून गोडच. "बरं वाटत नाही तिला. चल, बाहेर चल." आणि तिचं मनगट धरलंन. तेच मनगट, तशीच बोटं. देवासमोर, तिच्या आईबापासमोर. ती खेचली गेली नाही, नुसती उभी राहिली आणि वडिलांकडे बघत राहिली. तिने दुसऱ्या हाताने कुडत्याची बाही वर सारली. जुने वळ पिवळे पडले होते आणि त्याची बोटं बरोब्बर त्यांवर बसली होती.

वडिलांना कळायला किती वेळ लागला असेल? मला तो वेळ फार मोठा वाटला.

"हात सोड," ते म्हणाले.

"बाबा, अहो देवाने कौल दिलाय…"

"हात सोड म्हटलं ना!"

त्याने सोडला. फोन खिशात टाकला, त्याच खिशात जिथे कळी होती. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "तुमचं लक्ष फार कामी आलं, मॅडम." उंबऱ्याशी थांबून चपला घातल्या, आणि मग वडिलांकडे वळला. "बोट खाडीत बांधलीय ना, बाबा? सांभाळा हं. हवा खराब आहे."

वडिलांनी मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली, आणि त्यावरून त्यांना समजलं की हे तिने आज पहिल्यांदा ऐकलेलं नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. बाहेर गाडी सुरू झाली, पण गेली नाही. वळणावर जाऊन थांबली. इंजिनाची घरघर आत येत होती.

शेवटी गुरवच म्हणाला, "मी देवाला काय सांगू? गाऱ्हाणं अर्धं ठेवता येत नाय."

वडील दाराकडे बघत होते. तिथून माडांच्या मधून खाडी दिसते, आणि खाडीत ओळीने बांधलेल्या बोटी. त्यांतली त्यांची कुठली ते मला कळलं नाही, त्यांना लांबूनही कळत असणार.

"पोरगी म्हणते तसं सांग," ते म्हणाले.

गुरवाने पत्रिका उचलून बाजूला ठेवली. हात जोडले. म्हाताऱ्याचा आवाज आता कापत होता. "बा देवा महाराजा, तू हो म्हणालास, पण तुझं लेकरू नाय म्हणतंय. तिचं ऐक. रागवू नको. पुढे काय वाईटवंगाळ येईल, आग येईल, वैरी येईल, ते ह्या घराने अंगावर घेतलंय…"

आम्ही सगळे वडिलांकडे बघत राहिलो. गाडी वळणावरच होती.

"होय महाराजा," ते म्हणाले.