गिरणीवाल्याचे मुके सिनेमे

आमच्या गिरणीवाल्याला मी कधी पिठाशिवाय पाहिलेलं नाही. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं असं की कोणाचं दळण झालंय ते पलीकडच्या आळीतही कळावं. हल्ली त्याला एक नाद लागलाय. जुन्या मुक्या सिनेमांचे छोटे तुकडे मोबाईलवर येतात ना, कोणी शिडीवरून पडतोय, कोणी कुत्र्याला घाबरून पळतोय, ते तो गिरण चालू ठेवून बघतो, पोट धरून हसतो आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवतो. ते मुके असतात, हे मात्र त्याला ठाऊक नाही. अहो, गिरणीच्या घरघरीत कसं कळणार!

परवा माझं तांदळाचं पीठ घेऊन तो घरी आला, तर चेहरा उतरलेला.

"काकू, घरी जाऊन लावलं तरी आवाज न्हाय. माझं कान गेलं काय?"

त्याने मोबाईल माझ्या कानाशी धरला. मी जोरजोरात मान हलवली.

"तुमाला पन न्हाय? मग मोबाईलच बिघडलाय! कान शाबूत हायत माझं!"

असा खूश झाला, की स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसला. हे सिनेमे मुकेच असतात बाबा, असं मी सांगणार, तेवढ्यात त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर माझ्या कुकरने शिट्टी दिली. मी दचकले. तो ढिम्म. मग दुसरी झाली.

त्याने समाधानाने घरभर नजर फिरवली.

"काकू, किती शांत वाटतं हो तुमच्याकडं!"