दाऊदचाचांच्या दवाखान्याच्या दारातलं एक बोट

हे लिहायचं गेले दोन महिने टाळतोय... चार ओळी लिहायच्या आणि कुठेतरी निघून जायचं, ही सवय जुनीच. आज आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भिवंडीतच एका हॉस्पिटलात अडकलोय, पळायला जागा नाही.

समोर भिंतीवर बोर्ड आहे. डॉक्टर, नर्स, कर्मचाऱ्यांना मारहाण केली तर अजामीनपात्र गुन्हा. तो वाचला आणि दाऊदचाचा आठवले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी वीसेक वर्षांचा, शाळा नववीतच सुटलेली. कधी हायवेवर वडप्याला ट्रकवाल्यांत, कधी गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडावर. गणेशपुरीच्या एसटीचा वेगळाच किस्सा आहे... तो राहू दे. तिथेच अनवाणी फिरताना पायात खिळा घुसला, म्हणून भिवंडीला परतून आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात रोज ड्रेसिंगला जायचो.

ड्रेसिंग करायचे कंपाउंडर दाऊदचाचा. आधी पंधरा वर्षं कापडाच्या पॉवरलूमवर काढलेली, त्या खडखडाटात दोन्ही कान गेलेले. त्यामुळे बोलायचे ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "पायाला चाकं लावून घे रे, माझं मलम तरी वाचेल."

पावसाळ्यातल्या एका दुपारी लूमची शिफ्ट सुटली आणि रामजतन नावाचा लूम कामगार भावाला घेऊन आला. भावाचा हात लूमच्या पट्ट्यात सापडलेला, सोबत दहा-बारा माणसं. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. चाचा पाठमोरे, स्टोव्हवर सुया उकळत होते.

रामजतनने तीनदा हाक मारली. चाचा वळले नाहीत. त्याने कॉलर धरून त्यांना फिरवलं आणि तोंडावर ठोसा दिला. चष्म्याची एक काच फुटली.

मी बाकावर होतो. उठलो नाही. लिहायचं टाळत होतो ते यासाठीच...

चाचांनी एका काचेच्या चष्म्यानेच त्या भावाचा हात बांधला. मग पांढरा कोट खिळ्याला अडकवला, म्हणाले, "उद्यापासून येणार नाही." त्यांच्याशिवाय दवाखाना चालणार नव्हता, आणि गल्लीला दुसरा दवाखाना नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर चाचांना आणि मला पोलीस चौकीवर घेऊन गेले. हवालदार वाईट नव्हता. म्हणाला, "सरकारी माणूस असता तर मोठं कलम लावलं असतं. खासगी दवाखाना... एन.सी. लिहून घेतो." म्हणजे एक कागद, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा हिशेब मिटवून चावी द्यायला आले, तर दारात रामजतन. चाचांच्या कानांचं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने लूमवाल्यांच्या खुणेने आधी कानाला हात लावला, मग हात जोडले. मोठ्याने म्हणाला, "चाचा, हमको मालूम नहीं था, आपको सुनाई नहीं देता."

चाचा म्हणाले, "और सुनाई देता, तो मारना था?"

रामजतनने पुन्हा हात जोडले, ते चाचांनी खाली केले.

"माफी रहने दे. पुलिस के पास मेरे लिए कायदा नहीं है. तो महीना भर शिफ्ट छूटते ही तू यहाँ खड़ा रह. एक पेशंट, एक आदमी. तू दरवाजे पर, तो मैं अंदर."

चाचांनी कोट पुन्हा अंगात घातला. आणि रामजतन खरंच उभा राहिला. ओरडायचा नाही. लूमच्या आवाजात कामगार जसे हातांनी बोलतात, तसं फक्त एक बोट वर करायचा... पेशंटसोबत एकच जण आत. ठरला होता महिना. दिवाळीनंतर मी गाव सोडून भटकायला गेलो, तेव्हाही तो तिथेच होता.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. हा बोर्ड त्यांना दाखवायला हवा होता. खणखणीत आवाजात विचारलं असतं, "छान आहे, पण दारात कोण उभं आहे?"

थांबतो जरा... लिफ्टमधून आत्ताच एक म्हातारे गृहस्थ आलेत. व्हीलचेअरवर, मागे मुलं, सुना, नातवंडांचा घोळका. वॉर्डच्या दारात त्यांनी सगळ्यांना थांबवलं. फक्त एक बोट वर केलं.

रामजतनच आहेत. या वेळी उठतोय मी.